‘मंडळीची चिठ्ठी’ छापनारं मशीन

मी एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन हाय, मित्रांनो, आन् ह्या घडीला मी कुलपात हाय.

कुठं ते सांगतो. देवळाली प्रवरेवरनं कालव्याच्या कडंनं निघालं की आमचं गाव लागतं. गावात लाल कौलाचं चर्च हाय. चर्चच्या मागल्या अंगाला पाळकसाहेबांची झगा बदलायची खोली, आन् त्या खोलीत लोखंडी कपाट. वरल्या कप्प्यात प्रभुभोजनाचे पेले, मधल्यात नाताळाच्या कागदी चांदण्या, आन् बुडाला मी. कपाटाच्या दाराला एक फट हाय, बोटभर बी न्हाई. तिच्यातनं जेवढा उजेड आत येतो तेवढाच माझा दिवस.

तुमी रविवारी शब्बाथशाळंला येता तवा तुमची गानी मला ऐकू येतात. मागल्या रविवारी तुमच्यातलंच कुनीतरी म्हनलं, आपन बी चर्चच्या मंडळीचं पत्रक काढू, आता कंपुटर आलाय, लई सोपं हाय. ते मी ऐकलं. सोपं हाय ह्यात वाद न्हाई. हँडल फिरवनं बी सोपंच हुतं. म्हनून म्हनलं, तुमी काय सुरू करायच्या आधी माझी कथा ऐकून घ्या.

माझा जल्म लांब बंगालकडं एका कारखान्यात झाला. कोन कारागीर हुता, आठवत न्हाई. ओतलं, घासलं, काळा रंग दिला आन् पेटीत घालून खिळे ठोकले. आगगाडीत चार दिस अंधारात आलो. पेटी उघडली तवा मी ह्या मुलखातल्या एका साखर कारखान्याच्या हापिसात हुतो. तिथं मी तीस वर्सं राबलो.

माझं काम कसं चालायचं ते सांगतो, कारन तुमच्यातल्या बऱ्याच जनांनी माझ्यासारखं काय पाह्यलंच नसंल. मेनाचा एक निळा कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हनायचं. त्याच्यावर लोखंडी टोकाच्या लेखनीनं लिवलं की तेवढंच मेन खरवडून जातं. तो कागद माझ्या पोटावर, म्हंजी ड्रमवर, गुंडाळायचा. आतनं शाई, बाहेरनं कोरा कागद, आन् हँडल मारायचं. जिथं खरवडलंय तिथनंच शाई बाहेर येती. एक डाव लिवा, शंभर डाव काढा. चुकलं तर लाल रंगाचं एक पातळ औषध असायचं, ते चुकीवर लावून फुंकर मारायची. वाळलं की त्या जागंवर पुन्ना लिवता यायचं. पन हे समदं हँडल मारायच्या आधी, बरं का. कागद हातात गेल्यावर त्याला औषध न्हाई.

कारखान्यात ऊसतोडीचा परोग्राम, सभासदांच्या नोटिसा, सुट्ट्यांची परिपत्रकं, समदं माझ्यातनंच निघायचं. साहेब लोक नव्या मानसाला माझ्याम्होरं उभं करून म्हनायचे, ह्या हापिसाचं तोंड हे हाय. माझं हँडल मारायचा याकोबदादा देठे. शिपाई गडी, सव्वापाच फूट, हाताला कायम शाई. तो घरी गेला की बायको त्याला म्हनायची, आधी साबन, मग भाकर.

मग एक दिस झेराक्सचं मशीन आलं. पांढरं, गुळगुळीत, बटनावर चालनारं. मला ढकलत ढकलत जिन्याखाली नेलं. माझ्या अंगावर मोडक्या खुर्च्या पडल्या. दीड वरीस मी तिथं हुतो. उंदरानं माझ्या रबराचा रूळ कुरतडला. आन् भंगारवाला जवा समदं उचलाया आला, तवा याकोबदादा आडवा आला. त्याची नोकरी संपायला आठ दिस ऱ्हायले हुते. साहेबाला म्हनला, "साहेब, मला निरोपाचं नारळ-शाल नको. हे मशीन आमच्या मंडळीला द्या."

साहेब हसला. "अरे, मोडलंय ते."

"मी बी मोडलोय साहेब. दोघं मिळून चालवू."

असा मी चर्चात आलो. एक्क्यान्नव-ब्यान्नवची गोष्ट.

आता रूथबाई त्रिभुवनांचं सांगतो. रूथबाई गावातल्या बालवाडीच्या बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, आवाज असा की मागल्या बाकावरचा झोपलेला मानूस जागा व्हावा. गावात ज्याला लिवता-वाचता येत न्हाई तो आपली पत्रं घेऊन त्यांच्याकडंच जायचा. त्यांच्या मनात लई दिसांपासून हुतं की मंडळीचं एक पत्रक असावं. पाळकसाहेबांकडं पाच गावं हुती, ते म्हैन्यातनं एकदा यायचे. बाकीच्या रविवारी मानसांनी काय घेऊन घरी जायचं, असं बाई म्हनायच्या. मी आलो आन् त्यांनी पत्रकाचं नाव बी ठरवून टाकलं. ‘मंडळीची चिठ्ठी’.

पयला अंक लई वाईट निघाला, मित्रांनो. बाईंनी उपदेश लिवला. मोठमोठे शबूद, एकेक वाक्य वितभर. मला छापताना दम लागला. पुढच्या रविवारी याकोबदादानं बघितलं तर आमच्या अंकात कुनी भुईमुगाच्या शेंगा बांधल्या हुत्या, कुनी दिव्याची काच पुसली हुती. बाईंनी तोंड पाडलं. तवा याकोबदादा म्हनला, "बाई, तुमी त्या दिशी पान्यावरनं शेजारनीशी भांडल्या आन् मग सांजच्याला प्रार्थनेला बसल्यावर तुमच्या तोंडातनं ‘आमी दुसऱ्याला क्षमा करतो’ ही ओळच भाईर पडंना, हे तुमी मला सांगितलं हुतं का न्हाई? ते लिवा की."

"अहो, ते कसं लिहायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनतील, माझं बी असंच हुतंय."

बाईंनी लिवलं. आन् तो अंक कुनी शेंगांना वापरला न्हाई. पोरांनो, हा पयला धडा. दुसऱ्याला शिकवाया निघायच्या आधी आपलं काय झालं ते सांगावं. आन् दर म्हैन्याच्या पयल्या रविवारी चिठ्ठी निघायची म्हंजी निघायचीच. पाऊन पान असंल तर पाऊन पान. एकदा तर बाईंना ताप हुता, त्यांनी चार ओळी लिवल्या, मला ताप हाय म्हनून एवढंच. पन निघाली.

दोन वर्सांत चिठ्ठीचं नाव झालं. देवळालीची मानसं मागाया लागली, राहुरीची मागाया लागली. उपासना सुटली की बाई ह्या खोलीच्या खिडकीतनं बाहेर बघायच्या, कोन उभ्या उभ्या वाचतंय, कोन घडी करून खिशात घालतंय. मी त्यांच्या मागं टेबलावर असायचो. त्यांची पाठ सुदीक खूश दिसायची. कुनी घडी करून तशीच बाकावर सोडली की पुढल्या अंकाला त्या चार तिखट वाक्यं जास्त घालायच्या. मला ते तवाच खटकाया पाहिजे हुतं. पन मला बी बरं वाटत हुतं. जिन्याखालनं उठून आलेलं मशीन मी, माझ्या तोंडाकडं समदं गाव बघतंय, ह्याची चव लई गोड लागती.

आन् मग त्या अंकात खाली तळहाताएवढी जागा रिकामी ऱ्हायली.

पोळ्याच्या आधीचा अंक हुता. बाईंचं लिवून झालं, पन पान भरंना. रिकामी जागा त्यांना बघवंना. त्यांच्या डोक्यात आलं, बुधवारच्या बायांच्या प्रार्थना सभेत ज्या विनंत्या येतात त्या इथं घालू. आठ-दहा बायांनी प्रार्थना केली तर देव ऐकतो, मग दोनशे मानसांनी केली तर किती चांगलं. ह्यात त्यांचा काय वाईट हेतू न्हवता, ही माझी साक्ष हाय. मनापासनं त्यांना तसंच वाटलं.

तुमाला ठावं हाय, बुधवारी बाया डोळे मिटून बसतात. एकेक जन आपलं दुःख सांगती, बाकीच्या त्यासाठी प्रार्थना करत्यात, आन् उठताना ते तिथंच ठेवून उठत्यात. त्या बुधवारी बायडाबाई बोलली हुती. बायडाबाई म्हंजी माळवाडीतलं शेवटचं घर. एकटी बाई, उसाच्या खुरपनीला जानारी. तिचा एकच लेक, करन. गावाला तिनं सांगितलं हुतं की करन पुन्याला कंपनीत हाय. खरं म्हंजी करन एका मारामारीत सापडला हुता आन् त्याला तीन वर्सांची शिक्षा झाली हुती. हे ठावं हुतं फकस्त रूथबाईंना, कारन लेकाची पत्रं त्याच वाचून दाखवायच्या. त्या बुधवारी बायडाबाईच्या तोंडातनं पयल्यांदा ते आठ बायांम्होरं निघालं.

बाईंनी स्टेन्सिलवर लिवलं, ‘बायडाबाईंच्या करणसाठी प्रार्थना करा. तो पुण्याला तुरुंगात आहे. त्याची लवकर सुटका व्हावी.’

याकोबदादानं कागद माझ्या पोटावर लावताना ती ओळ वाचली. त्याचा हात थांबला. लाल औषधाची बाटली तिथंच हुती, त्याच्या कोपरापाशी. पन बाई शिकलेल्या, आपन शिपाई, असं त्याला वाटलं आसंल. त्यानं हँडल मारलं.

आन् माझं सांगू? एरवी मी दर दहा कागदाला अडायचो. कागद गिळायचो, शाई वकायचो, याकोबदादाच्या शिव्या खायचो. त्या दिशी मी असा चाललो की एक कागद वाकडा गेला न्हाई. आज ह्या अंधारात मी त्याचाच विचार करतो. त्या दिशी अडलो असतो तर.

रविवारी चिठ्ठी वाटली. बायडाबाईला वाचता येत न्हवतं, तिनं घडी करून चोळीत ठेवली. सोमवारी हातपंपावर वाडीतलीच फटकळ मनकर्णा तिला म्हनली, "काय गं बायडे, कंपनी कंपनी म्हनत हुतीस ती हीच व्हय? लई मोठं गेट आसंल मग." बाकीच्या बाया हसल्या न्हाईत, पन कुनी मनकर्णाला गप बी केलं न्हाई. बायडाबाई भरलेली घागर तिथंच ठेवून घरी गेली आन् तिनं दार लावून घेतलं.

ते दार उघडंना. ती खुरपायला जाईना, चर्चात येईना. सगळ्यात वाईट म्हंजी ती पुन्याला जाईना. दर म्हैन्याला ती फाट्यावरनं यस्टीनं लेकाला भेटाया जायची. पन फाट्यावर दहा मानसं उभी असत्यात, कुठं चाललीस म्हनून विचारत्यात. आधी ती म्हनायची, लेकाकडं, कंपनीत. आता काय म्हनंल? तिकडं लेक चार भिंतीत, हिकडं आई चार भिंतीत.

रूथबाई धावत गेल्या. आल्या तवा ह्या खोलीत याकोबदादाम्होरं बसल्या. म्हनल्या, "दादा, दार नाही उघडलं तिनं. आतूनच बोलली."

"काय बोलली?"

"म्हणाली, तू माझ्यासाठी प्रार्थना मागितली न्हाईस बाई. तू माझी बातमी दिलीस."

 लाल औषधाची बाटली याकोबदादानं उगाच उचलली आन् पुन्ना ठेवली. मग म्हनला, "मी वाचलं हुतं बाई. लावताना. माझा बी गुना हाय."

मंडळीच्या पंचांची बैठक झाली. सेक्रेटरी आबासाहेब, जाड आवाजाचा, न्यायाचा मानूस. चर्चच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला. तो माझ्यावर हात आपटून म्हनला, "ह्याला कपाटात घाला. तोंड न्हाई म्हनून बरं, न्हाईतर गावभर सांगत फिरलं असतं."

मला तोंड न्हवतं. तरी गावभर मीच सांगितलं हुतं.

कुलूप पडलं. शाई माझ्या अंगावर तशीच वाळली. कपाटात मला फकस्त आवाज. एका रविवारी भिंतीपलीकडनं रूथबाईंचा आवाज आला, उपासनेच्या मधीच. त्यांनी कारन सांगितलं न्हाई, जागा रिकामी हुती म्हनल्या न्हाईत, माझा हेतू चांगला हुता असं बी म्हनल्या न्हाईत. म्हनल्या, जे माझं न्हवतं ते मी वाटलं. एवढंच बोलून बसल्या. मित्रांनो, माफी मागायची झाली तर अशी मागा.

आन् मग त्या रोज बालवाडी सुटली की माळवाडीला जाऊन बायडाबाईच्या पायरीवर बसाया लागल्या. दार वाजवायच्या न्हाईत. बसायच्या, अर्ध्या तासानं उठायच्या. येनारं-जानारं बघायचं, बालवाडीच्या बाईला आत घेत न्हाईत म्हनून. मनकर्णानं तिथं बी टोमना मारला, "बाई, तिथंच शाळा भरवा की." बाई म्हनल्या, "शिकतेच आहे." हे समदं याकोबदादा मला कपाटाबाहेर बसून सांगायचा. त्याला वाटायचं मी ऐकतो. मी ऐकत हुतोच.

दिवाळी गेली. नाताळ तोंडावर आला. आन् पोस्टमननं बायडाबाईच्या दारात पत्र टाकलं.

आता गंमत बघा. पत्र लेकाचं, आन् गावात ते वाचून दाखवनारी बाई एकच, ती पायरीवर बसलेली. दार उघडलं. बायडाबाई उंबऱ्यात उभी ऱ्हायली, पत्र पुढं केलं आन् म्हनली, "वाच. आन् वाचून विसर."

लेकानं लिवलं हुतं, आई, चार म्हैने झाले तू आली न्हाईस, तू आजारी हायस का, का मला टाकलंस? एवढंच.

दुसऱ्या दिशी सकाळी ह्या खोलीत पावलं वाजली. रूथबाईंची, याकोबदादाची, आबासाहेबाची, आन् एक अनवानी. कुलूप निघालं. उजेड आत आला तवा मला म्होरं बायडाबाई दिसली. वाळली हुती. पन ताठ.

आबासाहेब म्हनला, "बायडाबाई, परत त्या भानगडीत कशाला पडता? झालं गेलं."

"तुमचं गेलं. माझं फाट्यावर उभं हाय," ती म्हनली. "मला सोमवारच्या यस्टीनं पुन्याला जायचं हाय. जायच्या आधी गावाला काय सांगायचं ते मी सांगनार. काढा ते मशीन."

याकोबदादानं मला टेबलावर ठेवलं. रॉकेलच्या बोळ्यानं वाळलेली शाई पुसली. रूथबाईंनी स्टेन्सिल घेतलं. बायडाबाई त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसली न्हाई, खाली बी बसली न्हाई. उभीच ऱ्हायली, नजर लेखनीवर.

बाईंनी लिवलं आन् वाचून दाखवलं, "माझा मुलगा करण याच्या हातून एक प्रमाद घडला..."

"प्रमाद काय असतं?"

"चूक."

"मग चूक लिव्ह. मी असं बोलते व्हय?"

लाल औषध लागलं. फुंकर मारली. पुन्ना लिवलं. पुढं बाईंनी घातलं, प्रभूच्या कृपेने तो सुधारत आहे.

"ते खोड."

"का गं? कृपा तर आहेच की."

"हाय का न्हाई ते मला अजून ठावं न्हाई. दिसली की सांगीन, तवा लिव्ह."

आबासाहेब खिडकीकडं तोंड करून उभा हुता. त्याच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. अशी एकेक ओळ वाचून, खोडून, पुन्ना वाचून दुपार झाली. अर्ध्या पानावर लाल डागच डाग. शेवटाला चार ओळी ऱ्हायल्या. मला त्या पाठ हायत.

‘माझा लेक करन चुकला. त्याची शिक्षा तो भोगतोय. मी त्याची आई हाय आन् दर म्हैन्याला त्याला भेटाया जाते. कुनाला काय विचारायचं आसंल तर मला विचारा, माझ्या माघारी न्हाई.’

खाली अर्धं पान रिकामं हुतं. रूथबाईंनी ते तसंच ठेवलं.

याकोबदादानं हँडलला हात घातला आन् बायडाबाईकडं बघितलं. तिनं मान हालवल्यावर मारलं. पयला कागद बाहेर आला. तिला वाचता येत न्हवतं, तरी तिनं तो लई येळ बघितला. मग म्हनली, "काढा बाकीचे."

रविवारी चिठ्ठी वाटली आन् सोमवारी ती फाट्यावर गेली. मानसं उभी हुतीच. मनकर्णा बी हुती. हे मला याकोबदादानं सांगितलं. मनकर्णा जरा येळ पायानं माती उकरत ऱ्हायली, मग जवळ जाऊन म्हनली, "करन बरा हाय का गं?" बायडाबाई म्हनली, "बघून आल्यावर सांगते." यस्टी आली, ती चढली.

मित्रांनो, त्याच्यानंतर चिठ्ठी तीन वर्सं चालली. नियम एकच ऱ्हायला. ज्याचं लिवायचं त्याच्या दारात जायचं, त्याला वाचून दाखवायचं, तो खोड म्हनला की खोडायचं. अंक बारीक झाले. चटकदार काय ऱ्हायलं न्हाई. देवळालीची मागनी कमी झाली. पन बुधवारी बाया परत डोळे मिटून बोलाया लागल्या, त्याला मातर वरीस गेलं.

मग स्टेन्सिलचे कागद बाजारात मिळंनात. याकोबदादा देवाघरी गेला. रूथबाईंची बदली झाली. शेवटाला आबासाहेबानंच मला उचलून इथं ठेवलं, ह्या बारीला राग न्हवता त्याच्या हातात, पन कुलूप त्येच. तवापासनं दोन पावसाळे झाले. माझ्या हँडलला गंज चढलाय. कोन मला विचारत न्हाई, आन् त्यात कुनाची चूक बी न्हाई.

तुमी कंपुटरवर लिवा, खुशाल लिवा. म्हनत्यात की त्याच्यावर लिवलेलं सातासमुद्रापलीकडं एका दमात जातं. मग तर लई जपायला पाहिजे. माझ्यातनं शंभर कागद निघायचे, तरी एक बाई चार म्हैने घरात कोंडली गेली.

आन् एक काम करा. आबासाहेबाकडनं किल्ली मागा आन् मला एकदा उजेडात काढा. धूळ पुसा, हँडलला तेलाचा थेंब सोडा, पन पोटाला हात लावताना जपून. बायडाबाईचं ते स्टेन्सिल याकोबदादानं राखून ठेवलं हुतं, आन् शेवटची चिठ्ठी निघाली त्या दिशी त्यानं माझ्या ड्रमवर तेच गुंडाळलं. अजून हाय. मेन कडक झालंय, पन अक्षरं शाबूत हायत. शाई घातली आन् हँडल मारलं तर अजून बी उमटतील.

पन मारू नका. आधी तिला विचारून या. माळवाडीतलं शेवटचं घर. दार उघडंच असतं आता.